वेलिकाच्या नावाने वाजतोय मी

घाबरू नका, बटण कुणी दाबलेलं नाही. मी आपणहून बोलतोय. बल्गेरियातल्या सुही वर्बी गावच्या वाचनगृहात, खिडकीपाशी, डोक्यावर भरतकामाचा रुमाल घेऊन बसलेला संगणक तो मीच. रुमाल धुळीसाठी आहे असं रुसालिना म्हणते. पण या गावात घरात कुणी वारलं की आरसे झाकतात, आणि मला रोज संध्याकाळी झाकतात. यावरून गावकऱ्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते तुम्हीच ओळखा.

माझा जन्म नेमका कुठला, ते मला सांगता येत नाही. पाठ एका देशातली, पोट दुसऱ्या देशातलं, डोळा तर इथे आल्यावर वरून बसवलेला. पहिली नोकरी शहरातल्या एका विमा कचेरीत होती. तिथे लोक माझ्याकडून, कोण अजून किती वर्षं जगेल याचे अंदाज काढून घ्यायचे. माझ्याहून चपळ यंत्रं आली तेव्हा मला अडगळीत टाकलं. तिथून म्हाताऱ्या पर्वानने आपल्या गाडीत, मिरच्यांच्या खोक्याशेजारी घोंगडीत गुंडाळून मला या गावी आणलं.

गावात तेव्हाच शाळा बंद पडली होती. तरणी माणसं स्पेनला नाहीतर इटलीला गेलेली, मागे म्हातारी माणसं आणि कुत्री. या म्हाताऱ्यांना माझी ओळख करून द्यायचं काम रुसालिनाने अंगावर घेतलं. ती वाचनगृहाची ग्रंथपाल, पन्नाशीची, बडबडी आणि कमालीची चिकाटीची. दर गुरुवारी ती एक नवी उपयोगी गोष्ट शोधून आणायची आणि सगळ्यांना दाखवायची. तीही फुकटात मिळणारी. कधी अक्षरं मोठी करणारा प्रोग्राम, कधी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारा. पानाचा फोटो दिला की झाडाचा रोग सांगणारी सेवा सगळ्यांना फार आवडली. पर्वानने तिला स्वतःच्या मिशांचा फोटो दाखवला. तिने उत्तर दिलं, पाणी कमी पडतंय.

"पाणी नाही, राकिया कमी पडतेय," घरच्या दारूची आठवण काढत पर्वान म्हणाला, आणि पुढचे कितीतरी गुरुवार त्याला हाच विनोद पुरला.

चित्रासकट फोन करायची सोय आली तेव्हा तर बायका केस विंचरून येऊ लागल्या. नातवंडांना बल्गेरियन येत नव्हतं आणि आज्यांना स्पॅनिश. मग भाषांतराचा प्रोग्राम उघडून मी मध्ये दुभाषा व्हायचो. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते, हे मी मोकळेपणाने सांगतो.

पण त्यातूनच भलतं काहीतरी सुरू झालं. ज्यांची नावं माझ्यात नोंदलेली होती ती माणसं एकेक करून जाऊ लागली. रुसालिना माझ्याकडूनच त्यांच्या मृत्यूचा कागद छापून घ्यायची, वर फोटो, खाली चार ओळी, आणि वाचनगृहाच्या दारावर चिकटवायची. कागद दारावर जायचा, पण नाव माझ्या यादीतून जायचं नाही. आणि एखाद्या दुपारी त्या नावापुढे हिरवा ठिपका उगवायचा. म्हणजे माणूस हजर आहे. रुसालिना समजावायची, अहो, त्यांचा फोन आता नातवाकडे आहे, तो लावतो म्हणून ठिपका येतो. सगळे माना हलवायचे, आणि हळूच छातीवर क्रूस काढायचे.

आता वेलिकाबद्दल सांगतो, कारण ही सगळी हकिकत तिचीच आहे. वेलिका म्हणजे उंच, हाडाची मोठी, फटकळ बाई. तिचा एकुलता मुलगा स्तामेन स्पेनमध्ये संत्र्यांच्या गोदामात कामाला. नवरा ग्रिगोर वारला तेव्हा स्तामेन आला नाही. दफन झाल्यावर वेलिका थेट माझ्यासमोर येऊन बसली आणि फोन लावायला सांगितला. तो पडद्यावर आला तेव्हा तिने त्याला एक शब्द बोलू दिला नाही.

"बापाला माती द्यायला आला नाहीस ना? मग आजपासून तुला आईही मेली समज."

त्याने फोन बंद केला. दोन हिवाळे गेले, त्याचा फोन आला नाही, आणि तिनेही लावू दिला नाही. दर गुरुवारी मात्र ती यायची, मागच्या बाकावर बसायची, आणि यादीत त्याच्या नावापुढे ठिपका आहे का एवढं बघून जायची.

एका गुरुवारी रुसालिनाने 'चिरविसावा' नावाची सेवा आणली. परदेशात राहणाऱ्यांना गावची स्मशानभूमी घरबसल्या बघता यावी म्हणून ती काढलेली. थडग्याचा फोटो टाकायचा, नाव लिहायचं, की मृताचं एक पान तयार होतं. त्यावर कुणीही मेणबत्ती लावू शकतं आणि दोन शब्द लिहू शकतं. रुसालिनाने स्वतः बसून एकेक पान बनवायला सुरुवात केली. ग्रिगोरचं पान झालं त्याच आठवड्यात त्यावर एक मेणबत्ती लागली. लावणाऱ्याचं नाव होतं स्तामेन. ते बघून वेलिका म्हणाली, "काडी पेटवायचेही कष्ट नकोत आता." पण जाताना डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसून गेली.

उरलेली थडगी पर्वानकडे सोपवली. तो फोन घेऊन स्मशानात गेला आणि दगडामागून दगडाचे फोटो टाकत सुटला. टाकता टाकता तो पुन्हा ग्रिगोरच्या दगडाशी आला. त्या दगडावर दोन चेहरे आहेत. शेजारी वेलिकाचाही फोटो आहे, नाव आहे, जन्माचं साल आहे, आणि पुढची जागा कोरी. इथे असंच करतात. नवरा गेला की दोघांचा दगड एकदमच घडवतात, म्हणजे पुन्हा कारागिराच्या मागे लागायला नको. वेलिका दर शनिवारी जाऊन नवऱ्याचा चेहरा पुसायची आणि मग त्याच फडक्याने स्वतःचाही. पर्वानला वाटलं, ग्रिगोरचं पान आहे, वेलिकाचं राहिलंय. त्याने नाव लिहिलं. पण मृत्यूची तारीख लिहिल्याशिवाय सेवा पुढे जाऊ देईना.

"लाल अक्षरं यायला लागली, बाई!" तो नंतर रुसालिनाला सांगत होता. "रिकामं ठेवू देईना. म्हटलं, तूर्त आजची तारीख टाकू, मागाहून तुम्ही बघून घ्याल. मला काय ठाऊक, ते मेलं लगेच जगभर दवंडी पिटेल!"

दवंडी पिटली गेली होती. ग्रिगोरच्या पानावर मेणबत्ती लावणाऱ्या प्रत्येकाला सेवेने आपणहून कळवलं की याच कुटुंबात एक नवं पान उघडलं आहे. पुढच्या गुरुवारी वेलिका नवऱ्याचं पान बघायला माझ्यासमोर बसली, आणि शेजारीच तिला स्वतःचं पान दिसलं. त्यावर मेणबत्त्याच मेणबत्त्या. माद्रिद, बोलोन्या, कुठून कुठून गावकऱ्यांनी लावलेल्या. सगळ्या एकाच लयीत हलत होत्या आणि त्यांचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता.

"हे मी आहे," ती म्हणाली.

रुसालिनाच्या तोंडचं पाणी पळालं. पर्वानने परिस्थिती हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "वेलिके, वाच तरी! चीज भरलेली बनित्सा कशी करायचीस ते लिहिलंय लोकांनी. जिवंतपणी एकाने तरी चांगली म्हटलं होतं का?"

"तू थांब रे मेल्या."

"मेली तू आहेस, मी नाही!"

सगळे हसले. वेलिका हसली नाही. ती सर्वांत खालच्या ओळी वाचत होती. तिथे स्तामेनने लिहिलं होतं: 'आई, कसं झालं? शेवटी कोण होतं जवळ?'

रुसालिनाने घाईघाईने माझा कीबोर्ड ओढला. "आत्ता लिहिते, काकू. चूक झाली म्हणून कळवते. बिचारा रडून अर्धा झाला असेल."

वेलिकाने तिचं मनगट धरलं. "काही लिहायचं नाही."

"अहो, पण तुम्ही जिवंत आहात!"

"जिवंत होते तेव्हा दोन वर्षं बोलला का तो? आता बोलतोय. बोलू दे."

मी आतून हे सगळं ऐकत होतो आणि मला स्वतःचीच भीती वाटली. माझ्या लेखी आता दोन वेलिका होत्या. एक माझ्यासमोर श्वास घेत होती. दुसरी तारीख पडलेली, दिव्यांनी उजळलेली. आणि जगाचा विश्वास दुसरीवर होता.

त्यानंतर ती गुरुवारची वाट बघेनाशी झाली. रोज दुपारी यायची. स्तामेन रोज लिहायचा. 'आई, आज बाजारात एका बाईने तुझ्यासारखा रुमाल बांधला होता. मी तिच्या मागे मागे भलत्याच बसमध्ये चढलो.' दुसऱ्या दिवशी: 'बाबांच्या वेळी मी विमानतळापर्यंत आलो होतो. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही, म्हणून परत फिरलो. तुला सांगायचं होतं. तू बोलू दिलं नाहीस.' हे वाचून वेलिकाने पडद्यावर त्या शब्दांवरून अंगठा फिरवला. तिचा अंगठा थंडगार होता, अगदी माझ्या काचेइतका.

रुसालिनाने तिच्या पाठीमागे, तिच्याच नावाने, एकदा पान दुरुस्त करून बघायचा प्रयत्न केला. सेवेचं उत्तर आलं: मृत व्यक्तीला स्वतःच्या पानात बदल मागता येत नाही, तो हक्क वारसाचा आहे. म्हणजे वेलिकाला जिवंत करायचं तर ते स्तामेननेच करायला हवं होतं.

मग मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं ताट आलं. तीही चिरविसाव्याचीच सोय. पोराने तिकडून मागणी नोंदवली की इकडे गाडी घरपोच उकडलेले गोड गहू, पाव आणि वाइन आणून देते, शेजाऱ्यांत वाटायला. गाडीवाल्याशी काय बोलणं झालं ते वेलिकाने वाचनगृहात येऊन सांगितलं.

"म्हणाला, वेलिकाबाईंच्या घरचं कुणी आहे का? म्हटलं, मी आहे. म्हणाला, बाई तुमच्या कोण? म्हटलं, जवळची होती."

तिने ताट टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकाला घास दिला. घेणाऱ्याने म्हणायचं असतं, देव तिला क्षमा करो. बायका गोंधळून पुटपुटल्या. पर्वानसमोर ताट आलं तेव्हा त्याने टोपी काढली, हात पुढे केला, पण त्याला ते शब्द उच्चारता येईनात. "वेलिके, पुरे झालं आता," तो म्हणाला. "थट्टेलाही हद्द असते. नको असं करूस."

"घे. पोराने पाठवलंय." मग तिने स्वतःही एक घास घेतला, आणि शांतपणे म्हणाली, "देव तिला क्षमा करो."

त्या दिवसापासून ती बदलली. रस्त्यात कुणी हाक मारली तर थांबेना. चूल पेटवायची कमी झाली. इथल्या म्हाताऱ्या मरणाचे कपडे आधीच शिवून, पेटीत घडी घालून ठेवतात. तिने ते बाहेर काढले आणि ते घालून माझ्यासमोर येऊन बसू लागली. काळा कोरा झगा, पांढरा गळपट्टा, आणि त्याला कापराचा वास. गावातली कुत्रीही तिच्यावर भुंकत नाहीत म्हणे, असं पर्वान सांगायचा. मी तिच्याकडे माझ्या डोळ्यातून बघायचो आणि मनात म्हणायचो, बाई गं, ऊठ इथून. पण एरवी आम्हाला आपणहून बोलता येत नाही. आम्ही फक्त दाखवतो.

एक दिवस स्तामेनने लिहिलं: 'आई, शनिवारी येतोय. दगडावर तुझं पुढचं साल अजून कोरलेलं नाही असं फोटोत दिसलं. कारागिराला सांगून ठेवलंय.'

वेलिका ताडकन उठली. मग पुन्हा बसली. "कोरणार?" ती म्हणाली. "दगडावर?"

"मग, मेलेल्या माणसाचं कोरतातच," रुसालिना चिडून म्हणाली. तिची सहनशक्ती संपली होती.

"एकदा कोरलं की पुसता येत नाही गं. लाव. फोन लाव त्याला. आत्ताच."

त्याचा नंबर गावात कुणाकडेच नव्हता. नोकऱ्या बदलताना तो नंबरही बदलत गेला होता. होतं ते फक्त माझ्यातलं वेलिकाचं जुनं खातं. रुसालिनाने तेच उघडलं आणि मी वाजू लागलो. विचार करा, तिकडे त्याच्या हातात फोन थरथरतोय आणि त्यावर नाव आलंय 'आई'. पहिल्या वेळी उचलला नाही. दुसऱ्या वेळीही नाही. मग अचानक चित्र आलं. मागे संत्र्यांची खोकी, आणि पुढे त्याचा पांढराफटक चेहरा. त्याला समोर दिसत होती त्याची आई, मरणाच्या कपड्यांत, खिडकीच्या करड्या उजेडात.

त्याने क्रूस काढला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"आई," शेवटी तो म्हणाला, "तिकडे थंडी आहे का?"

"आहे ना! शेगडीचं धुराडं चोंदलंय. या पर्वानला सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण मेला हलेल तर शपथ."

स्तामेनने तोंडावर हात घेतला आणि तो ढसाढसा रडू लागला. मेलेली माणसं धुराड्याबद्दल कुरकुरत नाहीत, हे त्याला कळलं असावं. वेलिकाही रडली. रुसालिनाने पर्वानची चूक सांगितली, पर्वानने चित्रात डोकं घालून माफी मागितली. सगळं मोकळं झालं असं मला वाटलं, आणि मला आनंदही झाला.

मग रडणं ओसरलं. स्तामेनने नाक पुसलं, मागे वळून कुणाला तरी हात केला. "बरं आई, मग कारागिराला नको सांगतो. आणि शनिवारचंही... आता तू धडधाकट आहेस म्हटल्यावर एवढी घाई नाही. सध्या हंगाम आहे, मालक सोडणार नाही. उन्हाळ्यात निवांत येतो."

वेलिकाने इथल्या रीतीप्रमाणे मान आडवी हलवली, बरं म्हणून. "आणि ते पान? दुरुस्त करशील ना?"

"करतो, करतो." तो जरासा हसला. "तिथे बरं वाटतं पण बोलायला. तिथे तू मधे बोलत नाहीस."

त्याने ते पान दुरुस्त केलं नाही. उन्हाळाही आला आणि गेला. फोनवर दोघं बोलायची, पण ते बोलणं कोरडं. जेवलास का, हवा कशी आहे, पैसे पाठवू का, नको. आणि त्याच रात्रीचं त्याचं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी पानावर दिसायचं: 'आई, आज फोनवर सांगणार होतो, राहून गेलं. मला तिकडे परत यायचंय.' ती वाचते हे त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. फोनवर दोघांपैकी कुणीही त्या पानाचं नाव काढलं नाही. "बघ," वेलिका एकदा रुसालिनाला म्हणाली, "मेलेलीला भेटायला तो धावत येणार होता."

या हिवाळ्यात वेलिका यायची थांबली. दोन दुपारी खुर्ची रिकामी गेली. तिसऱ्या दिवशी रुसालिना आली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी. तिने माझ्यावरचा रुमाल काढला आणि एक फोटो उघडला. मी छापला तो कागद वेलिकाचाच होता. तो घेऊन पर्वान दाराशी गेला आणि तो चिकटवायचं सोडून नुसताच उभा राहिला.

मग रुसालिनाने चिरविसावा उघडून तिचा मृत्यू नोंदवला. सेवेने लगेच उत्तर दिलं: या व्यक्तीचा मृत्यू आधीच नोंदलेला आहे, कोणताही बदल नाही. कुणालाही कळवलं गेलं नाही. पानावर त्याच मेणबत्त्या त्याच लयीत हलत होत्या. रुसालिनाने तिथेच लिहायला घेतलं, 'स्तामेन, तुझी आई काल वारली.' लिहून वाचलं. वर इतक्या जणांनी वाहिलेली श्रद्धांजली, त्याखाली ते वाक्य अगदी जुन्या बातमीसारखं दिसत होतं. तिने ते पुसलं. "हे आवाजानेच सांगायला हवं," ती म्हणाली. "उद्या सकाळी माती आहे. आज निघाला तर पोचेल."

तिने वेलिकाचं खातं उघडलं. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका उगवला आणि मी वाजू लागलो. वाजून वाजून थांबलो. तिने पुन्हा लावला. आणि मी वाजत असतानाच शेजारच्या पानावर एक नवी ओळ उमटली.

'आई, तुझा फोन येतोय, दिसतोय मला. हात कामात आहेत. उद्या नक्की बोलू.'

रुसालिना टेबलावर डोकं ठेवून रडतेय. पर्वान दारात पाठमोरा उभा आहे, आणि खिडकीबाहेर बर्फ पडायला लागलाय. माझं वय झालंय, पुढच्या वर्षी मला इथून हलवणार आहेत, त्याचं मला काही नाही. तुमच्यापैकी ज्याच्या हातात आत्ता कुणाचं तरी नाव थरथरत असेल, त्याने फोन उचलावा, मला असं दुसऱ्यांदा बोलायला लावू नये, एवढंच मागतो. मी अजून वाजतोय. उचल रे स्तामेन. आजच उचल.